कादंबरीतील चित्रे आणि त्यांचा पेहराव

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात डोंगरमाथ्यावर एक उंच, अष्टकोनी, तीन मजली वास्तू दिसू लागते. गाडीतील कोणीतरी लगेच बोट दाखवून म्हणतो, "तो पाहा चांदबिबीचा महाल." आम्हीही लहानपणी असेच ऐकले आणि पुढे कित्येक वर्षे त्या खिडक्यांतून चांदसुलताना मोगलांच्या फौजेकडे पाहत उभी आहे असे चित्र मनात बाळगले. वास्तविक तो महाल नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान ह्याची ती कबर आहे. हे कळल्यावर मनातील चित्र पुसून जावयास हवे होते. परंतु आजही त्या रस्त्याने जाताना आमची दृष्टी प्रथम खिडकीतील त्या स्त्रीकडे जाते आणि सलाबतखानाची आठवण मागाहून, काहीशी नाइलाजाने होते.

ऐतिहासिक कादंबऱ्यांतील व त्यांच्या मुखपृष्ठांवरील चित्रांविषयी लिहावयास बसलो असता हीच गोष्ट प्रथम आठवली. शब्दांनी झालेली चूक दुसऱ्या शब्दांनी दुरुस्त होते. चित्राने झालेली चूक मात्र सहसा दुरुस्त होत नाही. वाचक कादंबरी विसरतो, नायिकेचे नावही विसरतो. पण मुखपृष्ठावर तिने कोणत्या रंगाचा शालू नेसला होता हे त्याला पक्के आठवते. आणि पुढे त्या काळाचा विषय निघाला म्हणजे तो शालूच पुरावा होऊन बसतो.

हा दोष आपल्याकडेच आहे असे मात्र नव्हे. इंग्रजी वाङ्मयात ज्याला 'रीजन्सी' म्हणतात त्या काळाचेच उदाहरण घ्या. तिसरा जॉर्ज वेडा झाल्यामुळे १८११ पासून १८२० पर्यंत त्याच्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला, म्हणून हे नाव. जेन ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या १८११ ते १८१८ ह्या अवधीत प्रसिद्ध झाल्या. त्या काळाचे नाव काढताच आपल्यापुढे उंच कंबरेचे पातळ झगे, फितींच्या टोप्या आणि वाकून मुजरा करणारे तरुण उभे राहतात. ही चित्रे ऑस्टिनने दिलेली नाहीत. कपड्यांचे वर्णन करण्यात तिला फारसा रस नव्हता. ह्या चित्रांचा उगम बहुतांशी १८९४ सालच्या एका आवृत्तीत आहे. त्या वर्षी लंडनच्या जॉर्ज ॲलन ह्या प्रकाशकाने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी ह्यू टॉमसन ह्याच्या चित्रांसह काढली. मुखपृष्ठावर सोनेरी मोर होता आणि आत दीडशेहून अधिक रेखाचित्रे होती. टॉमसनने तीन वर्षांपूर्वी 'क्रॅनफर्ड'साठी काढलेली चित्रे लोकांना अतिशय आवडली होती. तोच गोडवा त्याने येथेही ओतला. त्याच्या मागोमाग ब्रॉक बंधू आले. त्यांनी तर केंब्रिजच्या आपल्या चित्रशाळेत जुने कपडे व जुने सामान जमवून ठेवले होते आणि त्यांवरून ते चित्रे काढीत.

टॉमसनची रेषा सुरेख आहे ह्यात शंका नाही. पण त्याच्या चित्रांत एकही माणूस काळजीत दिसत नाही. पाच मुली, बापाची मिळकत बापामागे दूरच्या चुलत्याकडे जाणार, आणि लग्न न जमले तर पुढे काय ह्या धास्तीने बोलण्याचे भान सुटलेली आई, असा त्या कादंबरीचा पाया आहे. आपल्याकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराला तो समजावून सांगावा लागणार नाही. टॉमसनच्या पानांवर ह्या काळजीची सावलीदेखील नाही. तेथे सारे जण सुखी, किंचित खोडकर आणि नुकतेच इस्त्री केलेले. भूतकाळ म्हणजे झाकणावर चित्र असलेला मिठाईचा डबा, अशी समजूत त्याने दोन पिढ्यांची करून दिली.

ह्याच्याही आधी, १८३३ मध्ये, बेंटली ह्या प्रकाशकाने ह्याच कादंबऱ्या सचित्र काढल्या होत्या. तीत चित्रकाराने पात्रांना सरळ आपल्याच काळाचे, म्हणजे फुगीर बाह्यांचे कपडे घातले. वीस वर्षांतच पोशाख एवढा बदलला होता, पण त्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. आणखी मजेची गोष्ट थॅकरेची. 'व्हॅनिटी फेअर' (१८४७–४८) ही कादंबरी वॉटर्लूच्या लढाईच्या काळातील. तिची चित्रे त्याने स्वतःच काढली आणि एका तळटीपेत साफ सांगून टाकले की त्या काळचे कपडे इतके कुरूप होते की आपल्या नायक-नायिकांना ते घालण्याचे आपल्याला धाडस झाले नाही, म्हणून त्यांना आजचा पोशाख दिला आहे. आम्हांस ही कबुली फार आवडते. थॅकरे खोटे चित्र काढतो आणि ते खोटे आहे हेही सांगतो. टॉमसन व ब्रॉक खरे कपडे घालून माणूस खोटा काढतात. दोहोंपैकी वाचकाचे अधिक नुकसान कोण करतो हे ठरविणे आम्हांस मुळीच कठीण वाटत नाही.

जाता जाता एक गोष्ट. त्या रीजन्सी काळच्या पेहरावातील उत्तमोत्तम कापड आपल्या देशातून जात असे. थॅकरेच्या कादंबरीच्या आरंभीच हिंदुस्थानातून आलेल्या दोन पांढऱ्या काश्मिरी शालींची गोष्ट आहे. ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबे'मधील तरुण हेन्री टिल्नी खऱ्या हिंदी मलमलीचा भाव अचूक सांगून आपली पारख मिरवितो. आणि वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन ह्याने त्याआधी बारा वर्षे, १८०३ च्या ऑगस्टात, आर्थर वेलस्ली ह्या नावाने नगरचा किल्ला शिंद्यांच्या माणसांकडून घेतला होता. तेव्हा तो काळ आपल्याला अगदीच परका नाही.

परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते नगरच्याच दुसऱ्या एका राजप्रतिनिधित्वाविषयी. ते इंग्रजांच्या रीजन्सीहून अडीचशे वर्षे जुने आहे. १५६५ च्या जानेवारीत दक्षिणेतील सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामराजाचा पराभव केला. आपण ती तालिकोटची लढाई म्हणून ओळखतो. त्यात पुढाकार घेणारा नगरचा हुसेन निजामशहा त्याच वर्षी वारला. मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून राणी खुंजा हुमायून हिने कारभार हाती घेतला आणि १५६९ पर्यंत चालविला. ह्याच चार वर्षांत आफताबी नावाच्या कवीचे हुसेनशहाच्या स्तुतीचे फारसी काव्य सचित्र तयार झाले असावे असे जाणकारांचे मत आहे. 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे त्याचे नाव. मूळच्या चौदा चित्रांपैकी बारा शिल्लक आहेत. दख्खनच्या चित्रकलेचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक असून तो आज पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मंडळाने तो १९८७ मध्ये ग. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे ह्यांच्या संपादनाने इंग्रजी भाषांतरासह छापलाही. तरी नगरच्या किती सुशिक्षित घरांत त्याचे नाव ठाऊक असेल ह्याविषयी आम्ही साशंक आहो.

ह्या चित्रांत दरबार आहे, विवाह आहे, लढाई आहे आणि रामराजाचा शिरच्छेदही आहे. एका चित्रात दोहदाचा प्रसंग आहे. स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरतो ही संस्कृत काव्यातील जुनी कल्पना एका फारसी काव्याच्या पानावर, निजामशाही राणीच्या निमित्ताने अवतरलेली पाहून प्रथम आश्चर्य वाटते. मागाहून वाटते की ह्यात आश्चर्य कसले? आश्चर्य वाटावे अशी आपली मनेच चित्रांनी घडविली आहेत.

ह्या स्त्रियांचा पेहराव नीट पाहण्यासारखा आहे. अंगात तोकडी चोळी, पोट उघडे, पाठीवर लांब वेणी आणि वेणीच्या टोकाला गोंडा. ही तऱ्हा उत्तरेकडची असे कलेचे अभ्यासक सांगतात. पण कमरेखालून अंगाभोवती फिरविलेले लांब वस्त्र दक्षिणेकडचे आहे. म्हणजे उत्तर आणि दक्षिण ह्यांचा मिलाफ एकाच स्त्रीच्या अंगावर झालेला आहे. ह्या चित्राखालचे नाव झाकून आपण ते आजच्या कोणत्याही वाचकापुढे ठेवले, तर ही सुलतानाच्या जनान्यातील स्त्री आहे असे तो म्हणणार नाही. तो तिला एखाद्या हिंदू राजाची राणी समजेल.

आता दुसऱ्या बाजूला चला. हरिभाऊ आपटे ह्यांची 'वज्राघात' ही कादंबरी ह्याच लढाईवर व विजयनगरच्या नाशावर आहे. हरिभाऊंनी हा प्रसंग रामराजा आणि मेहेरजान ह्यांच्या प्रीतीभोवती गुंफला. सुलतान व राय ह्यांच्या वैरामागे एक घरगुती दुःख त्यांनी उभे केले. इतिहासाच्या कसोटीला ते किती उतरते हा वाद वेगळा. पण कादंबरीकाराची दृष्टी स्वच्छ होती. ज्या दोन बाजू परस्परांचा नाश करण्यास निघाल्या त्या परस्परांच्या इतक्या जवळ होत्या की एकाच घरात मावाव्या, हे त्यांना दिसले. फिरिश्ता ह्या बखरकाराने तरी दुसरे काय लिहिले आहे? विजापूरचा तरुण अली आदिलशहा ह्या लढाईच्या काही वर्षे आधी स्वतः विजयनगरास गेला होता आणि रामराजाच्या राणीने त्याला मुलगा मानले होते, असे तो सांगतो.

अशा कादंबरीसाठी चित्रे काढावयाची तर कशी काढावी? आमच्या पाहण्यात आलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवरून उत्तर ठरलेले दिसते. हिंदू राजा उघड्या अंगाचा किंवा उपरण्याचा, गळ्यात हार, डोक्यावर मुकुट. सुलतान पायघोळ झग्यात, मोठ्या पागोट्यात, टोकदार दाढीचा. राणी असेल तर ती नऊवारीत आणि बेगम असेल तर बुरख्यातून एक डोळा दाखविणारी. दोन्ही दरबारांत कोण कोणाचे हे मुलांनासुद्धा दुरून ओळखता यावे अशी ही सोय आहे. नाटक-सिनेमांत ही सोय लागते, कारण तेथे मागच्या रांगेतील प्रेक्षकाला पात्र ओळखावे लागते. पुस्तक हातात धरून वाचणाऱ्याला ती कशाला?

शिवाय ती खोटी आहे. विजयनगरच्या दरबारी पुरुषांचा पोशाख पाहावयाचा असेल तर लेपाक्षीच्या वीरभद्र मंदिराच्या छतावरील सोळाव्या शतकातील चित्रे पाहावी. त्यांत अंगभर लांब अंगरखे आणि डोक्यावर उंच निमुळत्या टोप्या आहेत. त्या टोपीला कुल्लायी आणि अंगरख्याला कबायी म्हणत, आणि हे दोन्ही शब्द कुलाह व कबा ह्या मुसलमानी जगातील शब्दांवरून आले आहेत. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेल्या पोर्तुगीज पाइश ह्यानेही कृष्णदेवरायाचे वर्णन करताना सोन्याची फुले भरलेले पांढरे वस्त्र, डोक्यावरची भरजरी टोपी आणि अनवाणी पाय ह्यांचा उल्लेख केला आहे. फिलिप वॅगनर ह्या अमेरिकन विद्वानाने १९९६ मध्ये ह्या पोशाखावर एक प्रबंध लिहून दाखविले की विजयनगरचे राजे दरबारात मुद्दाम तो वेष धारण करीत. त्या काळच्या मोठ्या जगात आपले स्थान दाखविण्याची ती रीत होती. धर्माशी तिचा संबंध नव्हता.

येणेप्रमाणे नगरच्या राणीची वस्त्रे आपल्याला हिंदू वाटतात आणि विजयनगरच्या रायाची मुसलमानी. मुखपृष्ठाचा चित्रकार दोघांचे कपडे उलटे करून ज्याचे त्याला परत देतो आणि सोळाव्या शतकात नसलेली कुंपणे विसाव्या शतकातून नेऊन तेथे घालतो. हे केवळ टोपी-झग्याचे अज्ञान असते तर आम्ही इतके शब्द खर्चिले नसते. परंतु आमच्या घरची दहा वर्षांची मुलगी असे एक मुखपृष्ठ पाहून विचारती झाली, "ह्यांतले आपले कोण?" पुस्तक तिने अद्याप उघडलेही नव्हते. हरिभाऊंनी शेकडो पाने खर्चून जो प्रश्न अवघड करून ठेवला, तो मुखपृष्ठाने एका क्षणात सोपा करून टाकला होता.

ह्याचा दोष सर्वस्वी चित्रकारांवर टाकणे अन्यायाचे होईल. रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघाला तोही १८९४ मध्येच, म्हणजे टॉमसनचा मोर लंडनात पिसारा फुलवीत होता त्याच वर्षी. तेव्हापासून पुराणातील द्रौपदी-दमयंती आपल्या भिंतींवर आल्या त्या आपल्याच आया-मावश्यांसारखी लुगडी नेसून. लोकांना त्या आवडल्या आणि आवडाव्या अशाच होत्या. धुरंधरांचा हात तर पेहरावाच्या बाबतीत फार नेमका. ऑटो रॉथफील्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) ह्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेल्या निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रिया पाहिल्या की डोळसपणे पाहणारा माणूस काय करू शकतो हे समजते. पण ते पाहणे आपल्या काळाचे होते. त्यांच्यामागून आलेल्यांनी ती वस्त्रे उचलून तीनशे वर्षे मागे नेली आणि हेच पूर्वीचे जीवन म्हणून आपल्याला दिले.

आता कोणी म्हणेल, मग नगरचे ते हस्तलिखितच जसेच्या तसे घेऊन 'वज्राघात'मध्ये छापावे. आमची इच्छा तीच आहे, पण एका अटीवर. ही चित्रे म्हणजे निःपक्षपाती साक्ष आहे असा समज करून घेऊ नये. ती विजेत्याच्या घरी काढलेली आहेत. रामराजा त्या वेळी अत्यंत वृद्ध होता. चित्रकाराला त्याच्या वृद्धत्वाची कणव नाही. हरिभाऊ त्या पराभवाचा शोक करतात, आफताबी त्याच पराभवाचा उत्सव करतो. दोन्ही एकाच पुस्तकात समोरासमोर आली तर वाचक अडखळेल. तो अडखळावा असेच आम्हांस वाटते. चित्राने मजकुराची री ओढलीच पाहिजे असा नियम कोणी केला? 'वज्राघात'मधील शोकाच्या प्रकरणासमोर नगरच्या चित्रकाराने काढलेला तो शिरच्छेदाचा प्रसंग ठेवावा. दोन्ही दरबार एकत्र दाखविण्याची वेळ येईल तेथे एका पानावर लेपाक्षीच्या टोप्या आणि दुसऱ्यावर निजामशाही राणीची गोंड्याची वेणी द्यावी. नव्या चित्रकाराला काम द्यावयाचे असेल तर त्याने आधी ही दोन्ही स्थळे पाहून यावी. प्रवासखर्च प्रकाशकाने द्यावा हे ओघानेच आले, आणि येथेच बहुधा योजना फसेल.

आणखी एका कारणासाठी ती चित्रे लोकांनी पाहावी असे आम्हांस वाटते. १५६९ मध्ये मुर्तझाने आईच्या हातून सत्ता काढून घेतली आणि तिला कैदेत टाकले. त्यानंतर कोणीतरी हे पुस्तक हाती घेतले आणि काही चित्रांतील राणीची आकृती पुसून टाकली. राजा सिंहासनावर आहे, भोवती दासी आहेत, आणि राजाशेजारी जेथे ती बसली होती तेथे एक डाग आहे. चित्राची किंमत त्या माणसाने आमच्या प्रकाशकांपेक्षा अधिक जाणली होती, असे खेदाने म्हणावे लागते. तिच्या नावाचे काव्य कोण वाचतो, पण चित्र राहिले तर तिने राज्य केले हे लोक विसरणार नाहीत, एवढे त्याला ठाऊक असले पाहिजे.

ह्याच राणीची मुलगी चांदबिबी. विजयनगरविरुद्ध सुलतानांची जूट होताना तिचे लग्न अली आदिलशहाशी लागले आणि सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. पुढे तिनेही आधी विजापुरास आणि मग नगरास अल्पवयी राजांच्या वतीने कारभार केला. १५९५–९६ च्या वेढ्यात तिने नगरचा किल्ला राखला आणि १६०० मध्ये ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. तिचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली ती तरुण स्त्री पाठ्यपुस्तकांतून आणि दिनदर्शिकांतून आपल्या ओळखीची झाली आहे. परंतु ह्या प्रकारची जी जुनी चित्रे उपलब्ध आहेत ती बहुतेक अठराव्या शतकातील, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी काढलेली. वेढ्याच्या वेळी ती चाळिशी ओलांडलेली विधवा होती. ससाण्याची शिकार करणारी तरुणी ही दख्खनी चित्रकारांची आवडती कल्पना. तिला चांदबिबीचे नाव चिकटले, जसे सलाबतखानाच्या कबरीला चिकटले.

म्हणजे मुलीचे चित्र घरोघरी आहे, पण ते तिचे नव्हे. आईचे चित्र तिच्या हयातीत, तिच्याच राजवटीत, ती जगली त्या शहरात काढलेले. आणि त्यातूनच ती पुसली गेली. मंडळाने छापलेली ती आवृत्ती ज्यांना मिळेल त्यांनी ती एकदा संध्याकाळी दिव्याखाली मुलांसमवेत उघडावी. आम्ही उघडली तेव्हा आमच्या घरच्या मुलीने पुन्हा प्रश्न केला, पण ह्या वेळी निराळा. त्या डागावर बोट ठेवून ती म्हणाली, "इथे कोण बसले होते?"